तबकड्यांचं वाळवण

एकदा ऐन मे महिन्यात मी एका बाईंच्या ग्रामोफोनच्या तबकड्या रिठ्याच्या पाण्यानं धुतल्या आणि साबुदाण्याच्या पापड्यांशेजारी गच्चीवर उन्हात वाळत घातल्या.

वय लहान होतं म्हणून झालं, असं म्हणायची सोय नाही. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. अल्लड वय! नवरा नुकताच पेन्शनीत निघालेला, नात हायस्कूलात जाऊ लागलेली, आणि जगातलं जे काही कळायचं ते आपल्याला कळून चुकलं आहे अशी पक्की समजूत झालेली. अठराव्या वर्षी बाई मूर्खपणा करते तेव्हा तिला निदान शंका तरी येते. एकसष्टाव्या वर्षीच्या मूर्खपणाला शंका येत नाही. तो सरळ रिठे भिजत घालतो.

माझा हिशेब सरळ होता. पापडी गोल, तबकडी गोल. पापडी पातळ, तबकडीही पातळ. दोन्हींना दमट हवा बाधते. मग पापडीला जे ऊन मानवतं ते तबकडीला का मानवू नये? हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी जुनी चादर अंथरली, एका अंगाला पापड्या, एका अंगाला तबकड्या मांडल्या, कावळ्यांनी चोच मारू नये म्हणून वर मऊ लुगड्याचा तुकडा पसरला, चारी टोकांना वरवंटे-बिरवंटे जे मिळालं ते ठेवलं आणि खाली येऊन पंख्याखाली आडवी झाले. पुण्यकर्म केल्यावर जशी झोप लागते तशी लागली.

जाग आली ती वॉचमनच्या बायकोच्या हाकेनं. ती पाण्याची टाकी बघायला वर गेली होती. दारात उभी राहून तिनं फार गंभीरपणे विचारलं, "अम्मा, नल्ल अप्पडालाऽ?"

काळे पापड आहेत का, असं तिला विचारायचं होतं.

त्या तबकड्या ज्यांच्या होत्या त्या बाई मला काय म्हणाल्या, ते शेवटी सांगेन. आत्ताच सांगितलं तर पुढचं कोण वाचणार? नातीची मात्र भीती नाही. ती आता नोकरी करते आणि मराठी अक्षराला अक्षर जोडून वाचते. 'वाळवण' या शब्दापर्यंत पोचेतो तिचं मेट्रो स्टेशन आलेलं असेल.

त्या बाईंना सगळी बिल्डिंग अक्का म्हणायची. तेलुगू बिऱ्हाडांनाही ते नाव जिभेवर बसायचं आणि आम्हा मराठी लोकांनाही. मूळच्या नांदेडकडच्या. वडील हैदराबादला नोकरीला आले आणि इथलेच झाले. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वेळेवर लाइन नाय मिळाली." एवढंच. वर गच्चीला लागून त्यांची दोन खोल्यांची जागा. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तसबिरीखाली रेकॉर्ड प्लेअर, त्यावर क्रोशाचा रुमाल, आणि शेजारच्या मांडणीत, जिथं दुसऱ्या बायका लोणच्याच्या बरण्या ठेवतात तिथं, तबकड्या, कॅसेटी आणि सीड्या. सगळ्या परदेशी. पॉप, रॉक, आणि जे नुसतं विजेच्या यंत्रांतून काढतात ते इलेक्ट्रॉनिक म्युझिक. देशी एकही नाही.

उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, ट्रंकच्या बोर्डावर. आता ट्रंक कॉल म्हणजे काय हेही सांगावं लागतं. दुसऱ्या गावाला बोलायचं तर आधी कॉल नोंदवायचा आणि फोनकडे डोळे लावून बसायचं. एक्स्चेंजमधली बाई कानाला हेडसेट लावून बसलेली असे. ती बोर्डावर दोरीचं टोक खुपसून दोन गावं जोडायची आणि तीन मिनिटं झाली की तुमच्या बोलण्यात येऊन विचारायची, "तीन मिनिटं झाली. वाढवू?" किती बारशी, किती भांडणं, किती मयती तिनं अशा मध्येच तोडल्या असतील! ती मध्येच येणारी बाई म्हणजे आमच्या अक्का.

आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात छतातून घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. आमच्या ह्यांनी फ्रिज बंद करून पाहिला, मग मीटर बंद करून पाहिला, मग अंधारात बसून 'पाइपात हवा अडकली आहे' असा निकाल दिला. वकिलाच्या घराण्यातले. पुरावा नसला तरी निकाल देतात. मी वर गेले आणि गोड आवाजात म्हटलं, "तुमची पाण्याची मोटर चालू राहिलीय वाटतं."

अक्कांनी बोटानं गप्प राहायची खूण केली. मग हळूच म्हणाल्या, "मोटर नाय. गाणं हाय. बस."

मी बसायला गेले ती नेमकी त्यांच्या डाव्या बाजूला. "तिकडं नको," त्या म्हणाल्या, "तो कान ड्यूटीवर हाय."

आता आमच्या घरचं सांगायचं तर आम्ही पडलो गाण्यातले लोक. म्हणजे गाणारे नव्हे, माना डोलावणारे. तानपुरा जुळल्याशिवाय गाणं सुरू होतं हेच आम्हाला मान्य नसायचं. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून मी इतक्या बैठका झोपून काढल्या होत्या की आपल्याला गाण्यातलं कळतं याबद्दल माझ्या मनात कधी किंतु आला नाही. त्या दुपारी मी अक्कांना विचारलं, "यात सा कुठला हो?" माझ्या मते हा फारच भेदक प्रश्न होता.

अक्का म्हणाल्या, "सापडला की सांगते." आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसल्या.

ऐकायची त्यांची रीत अशी. प्लेअरकडे तोंड करायचं नाही. बसमध्ये खिडकीशी बसतात तसं आडवं बसायचं, डावा कान स्पीकरकडे, डोळे बाहेर. पाठ ताठ. मान डोलवायची नाही, पाय हलवायचा नाही, गुणगुणायचं तर मुळीच नाही. उजवा हात तेवढा मांडीवरून मधूनच उठायचा आणि हवेत काहीतरी खुपसल्यासारखा पुढे जायचा. दोरीचं टोक. नोकरी सुटली, बोर्ड भंगारात गेले, पण हात अजून गावं जोडत होता. आणि एकदा अल्बम लावला की मधे बंद करायचा नाही, मग दारात कुणीही येवो. "लागलेला कॉल तोडायचा नसतो," त्या म्हणायच्या. गॅसवाला, कुरिअरवाला, मी, सगळे उंबऱ्यात उभे राहून बाजू संपायची वाट बघत असू.

त्यांना एकाही गायकाचं नाव माहीत नव्हतं. इंग्रजी वाचता येत होतं, पण कव्हरावरचं वाचत नसत. प्रत्येक अल्बमला त्यांनी स्वतःचं नाव दिलेलं. 'फाटकाची' म्हणजे रेल्वे फाटक पडल्यावर वाट बघताना जसं वाटतं तशी. 'आजाऱ्याची.' 'रागावलेली.' एक होती 'शेजारीण', कारण ती पुन्हा पुन्हा तेच सांगायची. मला वाटायचं, ही माझ्यावरून ठेवलीय.

आणि मतं! पॉप त्यांना तेवढं वाईट वाटायचं नाही, कारण गाणं तीन मिनिटांत आटपायचं. "लोकांना काय बोलायचं ते माहीत असलं की तीन मिनिटं बास होतात." पण एका परदेशी पोरीच्या अल्बमवर त्यांचा राग होता. "आवाज गोड हाय. पण दर गाण्यात दार उघडून म्हणती, मी आले, मी आले. अगं, आलीस तर बस की!" रॉकमधल्या लांबलचक गिटारीबद्दल म्हणायच्या, "ह्यो गडी फोन ठेवायचा नाय. ठेवतो म्हणतो, बरं म्हणतो, आणि आई कशी आहे म्हणून पुन्हा सुरू." दोन तबकड्यांचा एक फार थोर मानला जाणारा अल्बम होता, त्यावर एकच शेरा: "एवढ्याला पोस्टकार्ड चाललं असतं." अलीकडच्या अल्बमांत आवाजाला यंत्रातून सरळ करतात, त्याला म्हणायच्या इस्त्रीचा आवाज. "आणि सगळे वरडायलेत. पहिल्यांदा ट्रंक लावलेला माणूस वरडतो तसं. हॅलोऽऽ नांदेऽऽड! अरे बाबा, तार हाय मधी, डोंगर नाय."

प्रत्येक अल्बमातलं दुसरं गाणं खोटं असतं, असं त्यांचं ठाम मत. "पैल्यात खरं बोलून जातात. दुसऱ्यात सावरून घेतात." मी वाद घालायची. पुष्कळदा त्या साफ चुकत असत. 'रागावलेली'मधलं दुसरं गाणं तर इतकं सुंदर होतं की मीच नकळत स्वयंपाकघरात ते गुणगुणू लागले होते. कांदा चिरता चिरता, मी! हे त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "तुला खोटं आवडतं, त्याला मी काय करू, पोरी?"

एकसष्ट वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारं जगात कुणीतरी असावं. त्यासाठी अपमान सोसायला मी रोज वर जात असे.

गाणं हळूहळू लहान होत विरून जातं ना शेवटी, ते त्यांना अजिबात खपत नसे. चेहरा कसानुसा व्हायचा. "हा शेवट नाय. लाइन गेली. ती माणसं तिकडं गायलीतच अजून, आपल्यालाच ऐकू येईना." मग बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत राहायच्या. खाली रस्त्यावर ऑटो ओरडत असायचे, समोरच्या गच्चीवर कुणाचे पडदे वाळत असायचे, आणि मलाही वाटू लागायचं की कुठल्यातरी परमुलखात ती पोरं दाढ्या वाढवून, म्हातारी होऊन, त्याच खोलीत अजून तेच कडवं म्हणत बसली आहेत. कुणी जाऊन सांगायला हवं, बाबांनो, पुरे.

सगळ्यात गंमत म्हणजे त्या शब्द ऐकत नसत. मी एकदा मोठ्या हौसेनं शाळकरी नातीकडून एका गाण्याचा अर्थ काढून आणला. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं गाणं होतं. सांगायला तोंड उघडलं तर अक्कांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नसतं."

"अहो, गाणं आहे ते. आपल्यासाठीच म्हटलंय."

"नियम हाय. काय बोलायलेत ते नाय ऐकायचं. नीट ऐकू जातंय का, एवढंच ऐकायचं."

नोकरीत लागल्या तेव्हा पहिल्या दिवशी शिकवलेला तो नियम. त्यांनी तो इतका अंगात मुरवला होता की गाणारी बाई रडतेय की पोळ्या लाटतेय याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. आवाज जवळचा आहे की लांबचा, मधे किती जागा आहे, पलीकडे कुणी खरोखर आहे का, एवढंच त्या ऐकत. दोन गाण्यांच्या मधली शांतता आली की बोट वर करायच्या. "ऐक. लाइन जागी हाय." मी ऐकायची. सुरुवातीला मला पंखाच ऐकू यायचा. मग हळूहळू त्या शांततेला रंग दिसू लागले. कुठली शांतता माठातल्या पाण्यासारखी, कुठली सुट्टीतल्या शाळेसारखी. हे मी ह्यांना सांगितलं नाही. ह्यांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं.

डॉक्टरकडे जायची वेळ आली ती अक्कांवर.

एका दुपारी 'फाटकाची' लावली होती. शेवटी एक बारीक घंटी वाजते, लांबून, अगदी देवघरातल्यासारखी. ती वाजली आणि अक्कांनी मला विचारलं, "घंटी काढून टाकली का कुणी?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. मग त्यांचा चेहरा पाहिला.

कोठी नावाच्या बाजारपेठेत कानाचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे मी बरोबर गेले. उजवा कान पूर्वीच मंद झाला होता, त्याचं अक्कांना काही वाटत नसे; तो कधी कामाचा नव्हताच. पण डावाही चालला होता. डॉक्टर भला माणूस. दख्खनी वळणाच्या हिंदीत हल्लू हल्लू समजावून सांगत होता. आधी बारीक आवाज जातील, मग सगळ्याचा मिळून एकच गाळ होईल. मशीन लावलं तर बोलणं कळेल, पण गाण्याची खात्री नाही.

बाहेर आल्यावर कोठीच्या त्या गर्दीत, पुस्तकांच्या ढिगांशेजारी उभ्या राहून अक्का म्हणाल्या, "बोलणं ऐकू येईल म्हणतोय. बोलणं कुणाला पायजेल? जन्मभर नाय ऐकलं."

मला हसू आलं आणि मग आलं नाही. रस्त्यात उसाच्या रसाच्या गाडीशी आम्ही बसलो. तिथं त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी तोवर कुणालाच सांगितली नव्हती, कारण बोर्डावर ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं.

"दुपारची ड्यूटी होती. जुन्या शहरातला एक म्हातारा. पोरगा अमेरिकेत. मुंबईवरून कॉल लागला. लाइन कशी, लाटेवाणी. जवळ यायची, लांब जायची. बापानं विचारलं, बेटा, खैरियत? पोरगा म्हणाला, अब्बा, एक चीज सुनाता हूं, सुनो. आणि त्यानं रिसीव्हर नेऊन ठेवला की रेकॉर्डच्या बाज्याजवळ."

"मग?"

"मग ते आलं."

रसाचा ग्लास तसाच हातात. मी म्हटलं, "कसं होतं?"

"रिकाम्या शाळेत लांब कुणीतरी बाक सरकवायलंय, आणि त्या सरकण्याचंच गाणं व्हायलंय. तसं. जवळ यायलंय, जायलंय. शब्द नव्हते. शब्द असते तर म्या ऐकलंच नसतं. शब्द नव्हते म्हणून नियम मोडला का नाय मोडला, ते मला अजून कळंना." त्यांनी रसाचा एक घोट घेतला. "तीन मिनिटं झाली. विचारायला पायजे होतं, वाढवू का. तोंडच उघडंना. सुपरवायझर मागून गेली, तरी नाय. पुढं पोरानं रिसीव्हर उचलला. म्हणाला, अब्बा, कैसा था? बाप गप. मग म्हणाला, अच्छा है बेटा. तू कब आरा?"

"पोरगा काय म्हणाला?"

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फारच असभ्य काही विचारलं. "ते नाय ऐकलं. ते बोलणं होतं."

तर ही सगळी मांडणी, या कॅसेटी, या तबकड्या, सगळा शोध त्या एका दुपारचा होता. ते काय होतं, कुणाचं होतं, ठाऊक नाही. म्हणून पगारातून, मग पेन्शनीतून, हाताला लागेल ते परदेशी आणत गेल्या. आणता आणता त्याचाच नाद लागला. आणि आता कान चालला होता. "गाळ व्हायच्या आत ते एकदा सापडाय पायजे," त्या म्हणाल्या. "पुरतं. मधी कुणी न येता."

मग मीही शोधाला लागले. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही दोघी आबिड्सच्या फुटपाथवर जायचो. तिथं जुनी पुस्तकं मांडतात, त्यांच्यात कधी कधी तबकड्याही निघतात. अक्का तबकडी उजेडात तिरकी धरून बघायच्या. जिथं संगीत दाट असतं तिथल्या रेघा वेगळ्या चमकतात, जिथं शांत असतं तिथल्या वेगळ्या. पिकलेलं सीताफळ बघावं तशा त्या शांतता बघून घ्यायच्या. दुकानदार मुलं म्हणायची, "अम्मा, ये अंग्रेजी है, भजन नक्को?" अक्का म्हणायच्या, "नक्को."

लेकीच्या फोनमध्ये गाणं ओळखणारं काहीतरी होतं. गुणगुणा म्हणे, मी ओळखतो. जन्मात न गुणगुणलेल्या अक्का त्या फोनला तोंड लावून "ऊंऽऽ" म्हणाल्या. फोन विचारात पडला. मग म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा "ऊंऽऽ". माझ्या पोटात हसण्याचा असा काही उमाळा आला की मी गॅलरीत पळाले. आतून अक्का म्हणाल्या, "ह्याला माझ्यापेक्षा कमी ऐकू येतं."

आणलेली तबकडी आम्ही दुपारी लावायचो. पडदे ओढलेले, फरशीवर पाणी शिंपडलेलं, बाहेर पांढरं ऊन. "हे?" मी विचारायची. "नाय." पुन्हा दुसरी. "हे?" "जवळपास बी नाय." मलाच आता बाक सरकवल्याचे भास होऊ लागले होते. झोपेत ऐकू यायचं. जाग आली की तो आवाज नेमका त्या टोकाला विरत असायचा, आणि मी डोळे मिटून पडून राहायची, त्याची लाइन पुन्हा लागावी म्हणून.

त्यांच्याकडची एक जुनी तबकडी मला फार आवडायची, तिच्यावरून आमचं नेहमी वाजायचं. तिचं नाव 'गिलावा'. नुसती यंत्रांची, शब्द नाहीत, कव्हर कधीच फाटून गेलेलं. मांडणीतली सगळ्यात नावडती. "भिंतीला गिलावा केल्यावाणी," अक्का म्हणायच्या. "इकडून तिकडं थापी फिरवली. कुठं बोट अडकंना." मी म्हणायची, "मला बरी वाटते बाई. झोप छान लागते." "म्हणूनच तर," अक्का म्हणायच्या.

आता त्या दिवसाकडे येते.

आदल्या दुपारी अक्का वैतागल्या होत्या. "किरकिर लई वाढली. तबकडीत हाय का कानात, तेच कळंना." रात्रभर माझ्या डोक्यात ते घोळलं. दुसऱ्या दिवशी त्या कानाचं मशीन बसवून घ्यायला कोठीला एकट्याच गेल्या, किल्ली माझ्याकडे. मी ठरवलं, आपण तबकड्याच स्वच्छ करू. मग जी किरकिर उरेल ती कानातली. किती शास्त्रशुद्ध! मांडणीतल्या पहिल्या खणातल्या तेवढ्या काढल्या, रिठ्याचा फेस केला, मऊ फडक्यानं एकेक पुसली. इथवर सगळं ठीक होतं असं मला पुढे त्यातलं कळणाऱ्या माणसांनी सांगितलं. इथं थांबले असते तर मी हे लिहीत नसते.

"नल्ल अप्पडालाऽ?" ऐकून मी धावत गच्चीवर गेले. फरशीनं पाय भाजत होते. लुगडं बाजूला केलं. पापड्या खणखणीत वाळल्या होत्या. तबकड्यांतली एक वरून आत वळून चक्क द्रोण झाली होती, त्यात आमटी वाढता आली असती. एकीचा काठ कुरडईसारखा. एक मधोमध फुगलेली. आणि एक तेवढी जरा बरी, साडीच्या निऱ्या सोडल्यावर कापडाला राहते तशी तिला नुसती एक लाट. मी तिच्यावर पाट ठेवला, पाटावर वरवंटा ठेवला, वरवंट्यावर स्वतः बसायचीच बाकी होते. लाट बसेना.

जिन्यात पावलं वाजली.

अक्का आल्या त्या घामानं थबथबलेल्या, डाव्या कानामागे नवं मशीन, चेहऱ्यावर जगाचा राग. "सगळं वरडायलं," म्हणाल्या. "माझी चप्पल बी वरडायली." मग माझ्या हातातला गठ्ठा दिसला.

"हे काय?"

अशा वेळी माणसानं खरं बोलावं की खोटं, याचा विचार करायला मला वेळ मिळाला नाही. मी म्हटलं, "वाळवण."

त्यांनी गठ्ठा घेतला. एकेक तबकडी बघितली, अंगठा फिरवला, खाटेवर ठेवली. द्रोण बराच वेळ हातात धरून राहिल्या. 'फाटकाची' होती ती. मी रडायच्या बेतात होते, पण रडायचा हक्क त्यांचा होता म्हणून गप्प राहिले. शेवटी लाटेची आली. फक्त तीच प्लेअरवर बसण्यासारखी होती. तो 'गिलावा' होता.

अक्कांनी कानामागचं मशीन काढलं, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, तबकडी लावली.

"अक्का, सुई मोडेल."

"मोडू दे."

त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. सुई लाटेवर चढली, उतरली, होडीसारखी. तो सपाट, एकसुरी, झोप आणणारा आवाज चढाबरोबर जवळ आला आणि उताराला लांब गेला. थोडा वाकला, थोडा सरळ झाला. पुन्हा जवळ. पुन्हा लांब. पडद्याच्या फटीतून एक उन्हाची पट्टी तबकडीवर पडली होती, तीही वर खाली होत होती. कुठंतरी कुणीतरी बाक सरकवत होतं.

मला आधी कळलंच नाही. कळलं ते अक्कांचा उजवा हात बघून. तो मांडीवरून उठला, पुढे गेला, आणि हवेत जिथं दोरीचं टोक खुपसायचं तिथं तसाच थांबला. मागे आला नाही. पूर्ण बाजू होईतो.

आता अक्का नांदेडला भाचीकडे असतात. मी मधे जाऊन भेटून येते, फोन करत नाही. एक्स्चेंजच्या बाईला आता फोनच ऐकू येत नाही, असं मी म्हटलं की त्या स्वतः मोठ्यानं हसतात, माझ्या ओठांकडे बघून. जाताना प्लेअर आणि ती लाटेची तबकडी माझ्याकडे ठेवून गेल्या. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी बाजू संपली, सुई शेवटच्या रेघेत टकटक करत फिरत राहिली, आणि त्यांनी ती उचलली नाही.

शेवटी मीच विचारलं, "अक्का, हेच का ते?"

"काय की." त्यांनी हात हल्लू खाली घेतला. "शपथ घालशील तर नाय सांगता यायचं. पण लाइन तीच हाय."

मग मात्र माझा बांध फुटला. चुकलं माझं म्हणाले, अक्कल गेली होती म्हणाले, 'फाटकाची'चा द्रोण झाला म्हणाले, रिठ्यापर्यंत ठीक होतं पण उन्हाचं मला सुचलं कसं म्हणाले. बरंच काही म्हणाले. अक्का ऐकत नव्हत्या. ते बोलणं होतं. त्या मांडणीकडे बघत होत्या, जिथं खालच्या खणांत न धुतलेल्या तबकड्या सरळ उभ्या होत्या. मग खिडकीबाहेरच्या पांढऱ्या लख्ख उजेडाकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या,

"रडू नको, पोरी. बाकीच्या बी घाल वाळत. ऊन हाय तवर."